हळदीच्या दिवसांत केलेली नावांची यादी

यंदा हळद शिजायला लागली तेव्हा मला काही झालं नाही. बाळापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना शेतात वाफेचे लोट दिसतात आणि तो वास येतो, ओल्या मातीचा, थोडा औषधी, थोडा गोडसर. पूर्वी हा वास आला की मी गाडी हळू करायचो. यंदा तो नुसता नाकात शिरला. मी गाडी चालवत दुकानाकडं गेलो, शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला. पहिलं गिऱ्हाईक आधीच पायरीवर बसलेलं होतं.

धंदाच तसा आहे म्हणा. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांची नावं टाइप करतो. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. "साहेब, माझं नाव चुकलंय," म्हणत माणसं येतात आणि मी "बरोबर कोणतं?" विचारलं की गडबडतात. बिचारे कागदाकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात. जणू मलाच ठाऊक असणार. बारा वर्षांत हजारो नावं या बोटांतून गेली. शेंगा सोलाव्यात तशी मी ती सोलतो आणि बाजूला टाकतो. कोणाचं काय, याचा विचार करत बसलो तर संध्याकाळपर्यंत रांग हटायची नाही.

हे एवढं सांगायचं कारण, दोन वर्षांपूर्वीच्या हळदीत मी आणि माधवनं जी यादी केली, तीसुद्धा मी अशीच टाइप केली होती.

माधव माझा शाळेपासूनचा दोस्त. पाटलांचं घर, रान बक्कळ, त्यातलं निम्मं हळदीखाली. अंगानं दांडगा, मनानं मात्र अगदी लोण्याचा. मांजर मेलं तर दोन दिवस जेवत नाही. कॉलेजात असताना त्यानंच मला त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा नाद लावला. नकाशावर राज्यं असतात, एक राज्य आपण चालवायचं. सैन्य पाळायचं, तह करायचे, लग्नं जुळवायची, राजा मेला की त्याच्या लेकाला गादीवर बसवायचं. एकेक डाव महिनाभर चालतो. जगातल्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली संस्थानं त्यात आहेत, पण आपला मुलूख एकाच मळकट रंगात लिंपून टाकलेला. कयाधू नदी नाहीच. पैनगंगा आहे, पण भलतीकडं वाहते. गोदावरीच्या वर माणूस राहतच नव्हता असं त्या खेळाचं म्हणणं.

"हे आपण भरू ना रे," माधव म्हणाला. "लोकं भरून राहिले आपापले मुलूख. आपण काहून नाही?"

अशा खेळात आपल्या पदरचा नकाशा, आपली माणसं, आपले प्रसंग घालता येतात. त्याला मॉड म्हणतात. एकदा तयार केलं की जगातला कोणीही ते उतरवून घेतो आणि आपल्या मुलखात राज्य करतो. काळ धरला अडीचशे वर्षांपूर्वीचा. नकाशा, चित्रं आणि आकडे माधवकडं, लिहिण्याचं सगळं माझ्याकडं.

बसायची जागा त्याचा आखाडा. आमच्याकडं शेतातल्या छपराच्या घराला आखाडा म्हणतात. समोर हळद शिजवायचा मोठा कुकर, त्याच्याकडं लक्ष ठेवायचं म्हणून माधवला हलता येत नसे. मी दुकान दुपारी बंद करून जायचो. बाजेवर लॅपटॉप, अंगावर वाफ, केसांना हळदीचा वास. एक खेप शिजेस्तोवर एक प्रसंग लिहून व्हायचा. "तुमच्या मुलखात यंदा हळद उदंड पिकली आहे. परगण्यातले व्यापारी दाराशी आले आहेत. काय करता?" असं खेळणाऱ्याला विचारायचं आणि खाली दोन-तीन उत्तरं ठेवायची. तो जे निवडेल तसं राज्य सुधारायचं किंवा बिघडायचं. उन्हाळ्यात विहीर आटल्याचा प्रसंग लिहिला, दोन गावांच्या शिवेच्या भांडणाचा लिहिला. माधवनं गपचूप आपल्या सैन्यात हत्ती घातले होते.

"हत्ती कुठून आणलेस रे?"

"असू दे की. दोन हत्तींनी काय बिघडतं?"

"उद्या उंट आणशील."

"उंट व्हते म्हणे," तो गंभीरपणे म्हणाला. आम्ही हसत सुटलो. तेव्हा मी हसायचो, हे आता लिहिताना जाणवतंय.

मग नावांचा प्रश्न आला. या खेळात माणसं आपोआप जन्माला येतात. राजे, सरदार, कारभारी, शिपाई, सगळे. खेळ त्यांना वय देतो, स्वभाव देतो आणि आपण दिलेल्या यादीतून एक नाव उचलून चिकटवतो. यादी छोटी असली तर बापाचं, लेकाचं आणि दुश्मनाचं एकच नाव निघतं. म्हणजे आम्हाला दीड-दोनशे जुनी नावं पाहिजे होती, आणि तीही आपल्याच भागातली. मी म्हणालो, माणूस घरातच आहे.

माझे वडील. मी त्यांना दादा म्हणायचो. ते तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होते, गावचे केरबा कोतवाल. नोटिसा वाटायच्या, दवंडी द्यायची, साहेब आले की पुढं होऊन शिवार दाखवायचं, दप्तर डोक्यावर घेऊन मागं चालायचं. तीस वर्षं हेच. निजामाच्या वेळचे जुने कागद उर्दूत, ते वाचायला एक म्हातारे कारकून यायचे. ते मोठ्यानं वाचायचे आणि दादा शेजारी उभे राहून ऐकायचे. ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ झालेलं. कोणत्या बांधावर कोण, कोणाचा बाप कोण, आजा कोण. रिटायर झाल्यावर ते ज्ञान विचारायला एक माणूस आला नाही. मी विचारलं तर त्यांनी दारातल्या लिंबाखाली खुर्ची मांडली, साक्षीला उभं राहतात तसे ताठ बसले आणि म्हणाले, "लिव."

आधी पाटलांकडची नावं सांगितली. बळवंतराव, आनंदराव, विठोजी, मानाजीराव. मग वाण्यांची, मग माळ्यांची. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता आपलं." आपलं म्हणजे आमच्या वस्तीतलं, आता जिला भीमनगर म्हणतात ती. आवाज तोच, वेग तोच.

"पुंज्या. धोंड्या. सटव्या. लक्ष्या. गोंद्या. खंड्या."

मी टाइप करत होतो.

"त्यातला पुंज्या म्हंजे माझा आजा. तुझा पणजा."

"हं," मी म्हणालो.

"बराबर लिवलं न्हवं?"

"बराबर."

अडतीस नावं झाली. एकाही नावाला राव नाही, जी नाही, सगळी या-वर संपणारी. मला तेव्हा काय वाटलं असेल? काहीही नाही. खोटं कशाला बोलू. मला काळजी होती ती जोडाक्षराची. त्या खेळाची अक्षरं आपल्या लिपीला सरावलेली नव्हती, 'ज्या' लिहिलं की ज आणि या वेगळे होऊन पडायचे. दोन दिवस मी ते जोडाक्षर दुरुस्त करण्यात घालवले. पणज्याचं नाव फुटू नये म्हणून एवढी मेहनत केली, आणि ते नाव काय आहे इकडं बघितलंच नाही.

बघितलं माधवनं. पहिल्यांदा खेळ चालवून पाहत होता, मी कुकरजवळ उभा होतो. त्यानं हाक मारली, "मिल्या, इकडं ये." पडद्यावर एक माणूस आला होता. पुंज्या, वय बेचाळीस, शहाणा, दिलदार. त्याच्या वरती आनंदराव. माधवचे कान लाल झालेले.

"आमच्याकडचे समदे राव अन् तुमच्याकडचे समदे असे? हे कुणी सांगितलं?"

"दादांनी. कागदात तसंच आहे."

"कागदात असंल. आपण काहून ठेवायचं?"

"तुला इतिहास पाहिजे होता ना? हत्ती चालतात, मग हे पण चालू दे."

"सगळ्यांना जी लावून टाकतो. आत्ता, दोन मिनिटांत."

"तू लावणार? तुझ्या हातानं?"

असं बोलायला नको होतं. त्याच्यात खोट नव्हती, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तो उठला, कुकरकडं गेला आणि उगीच झाकणं तपासत राहिला. मी बाजेवर बसून राहिलो. राग आला होता का? तसंही नाही. कोणी गालावर सुई टोचावी आणि डॉक्टरनं आधीच तो गाल बधिर केलेला असावा, तसं काहीतरी. टोचलंय एवढं कळत होतं.

इकडं घरी दादा रोज विचारायचे, "झालं का रं तुमचं? मला दाखवता का न्हाई?" शेवटी एका दुपारी मी त्यांना गाडीवर घेऊन आलो. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, तहसीलला जायचे तसे तयार होऊन. माधवनं खुर्ची पुसून दिली. ते तिच्या कडेवर टेकले. माधवला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं, तरी म्हणाले, "दाखवा माधवराव, तुमचं राज्य दाखवा." माधव दर वेळी म्हणायचा, काका, नुसतं माधव म्हणा, आणि ते दर वेळी व्हय व्हय म्हणून पुन्हा माधवरावच म्हणायचे.

नकाशा बघून खूश झाले. पैनगंगा कुठं वळते ते बोट लावून तपासलं. मग माणसांची यादी उघडली. ते एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागले.

"पुं-ज्या. ह्यो कोण?"

"तुमचा आजा," मी म्हणालो.

त्यांनी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. बाहेर कुकरची वाफ सोडल्याचा आवाज झाला.

"घरात त्याला पुंजाबा म्हणायचे," दादा म्हणाले. "माझी आजी सांगायची. पुंजाबा आला, पुंजाबा जेवला."

"मग मला पुंज्या काहून सांगितलं?"

त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. "तू लिवायला बसला व्हतास ना. लिवायचं म्हणल्यावर कागदातलं सांगितलं. घरातलं नाव कोण लिवतं?"

माधवनं मान खाली घातली. मला माझं दुकान आठवलं, तिथं कागदावरून टाइप केलेली हजारो नावं आठवली.

मग दादांनी हळूच विचारलं, "हे बदलता येतं का? का साहेबाची सही लागते?"

"कुणाची सही लागत न्हाई काका," माधव म्हणाला.

"आर्ज?"

"आर्ज बी नको."

"आसं व्हय," दादा म्हणाले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ते वस्तीत फिरू लागले. तीस वर्षं ज्या दारांत नोटीस घेऊन उभे राहिले, त्याच दारांत आता विचारायला. तुमच्या आज्याला घरात काय म्हणत व्हते? लोकांना आधी वाटलं म्हातारा सरकारी काम घेऊन आला, काहींनी आधार कार्डं काढून आणली. मग पटलं तशी माणसं बसून आठवू लागली. धोंड्या हा धोंडबा निघाला. गोंद्याचं माधवनं गोविंद होईल असा अंदाज केला होता, घरच्यांनी सांगितलं गोंदाजी. लक्ष्या हा लक्ष्मण असेल असं मला वाटलेलं, तर तो लखुजी होता आणि गावात लेझीम शिकवायचा. संध्याकाळी दादा घरी येऊन मला नावं द्यायचे. मी ती दुसऱ्या दिवशी आखाड्यावर बसून बदलायचो. आता बोटं हळू चालत होती.

आठ-दहा दिवसांनी चौदा नावं मिळाली. चोवीस राहिली. त्यांचं घरातलं नाव ठाऊक असलेलं कोणीच जिवंत नव्हतं.

"काका, आता तरी जी लावतो," माधव म्हणाला.

"न्हाई माधवराव. नाव आपण ठेवायचं न्हाई. ते त्यांच्या घरच्यायनी ठेवलेलं व्हतं."

"मग काढून टाकू?"

"काढू नका. एकदा काढलं की गेलंच ते."

या दोन्ही न्हाईंच्या मध्ये आम्ही चार दिवस अडकून बसलो. खेळाला बिननावाचा माणूस चालत नाही. हळदीची शेवटची खेप निघाली तरी यादी अर्धीच. मी वैतागून म्हणालो, दादा, तुमचं काय ते एकदा सांगा. ते म्हणाले, सटव्याच्या नातीला भेटून येऊ. सटव्याची नात म्हणजे शांताबाई, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी कमी दिसणारी. दादांनी तिच्या कानाशी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "नाव काय ठाऊक बाबा. मला खांद्यावर घेऊन फिरायचा. आजा म्हणायचे मी."

दादा माझ्याकडं वळले. "मग तेच लिव. शांताबाईचा आजा."

तसंच लिहिलं. चोवीसही जणांना तसंच. भागीरथीचा आजा, दत्ताचा पणजा, बाजीरावमास्तरचा चुलता. आता त्या खेळात अधूनमधून सूचना येते, "शांताबाईचा आजा याने तुमच्याशी तह करण्याची इच्छा दर्शवली आहे." कुठल्या कुठल्या मुलखातले खेळणारे विचारतात, ही शांताबाई कोण? माधव सगळ्यांना एकच उत्तर देतो: फार मोठं घराणं आहे.

दादा गेल्या श्रावणात गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, हिंगोलीला नेईपर्यंत संपलं होतं. मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म मीच भरला, माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर. मयताचे नाव या रकान्यात केरबा टाइप केलं आणि पुढच्या रकान्यावर गेलो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात माधव लहान लेकरासारखा हुंदके देत होता आणि मी खुर्च्या मोजत होतो. बायको म्हणाली, "रडून घ्या हो एकदा." मी म्हणालो, बघू. लोकांना वाटलं मिलिंद खंबीर आहे. खंबीर कसला, नुसता दगड झालो होतो.

आणि यंदा हळद शिजायला लागल्यावर माधवचा फोन आला. तो मॉडची नवी आवृत्ती काढतोय. "काकांचं नाव घालायचं यादीत. कसं घालू ते तू सांग."

"केरबा. दुसरं काय?"

"ते कागदातलं का घरातलं?"

सरकार त्यांना केरबा म्हणायचं, गाव केरबा म्हणायचं, मी दादा म्हणायचो. पस्तीस वर्षं त्या माणसाच्या घरात राहिलो आणि घरातलं नाव मला माहीत नाही. दुकान बंद केलं आणि गावाकडं निघालो. दुपार होती. आई अंगणात माधवकडून आलेली शिजलेली हळद वाळत घालत होती.

"आई, दादाला घरात काय म्हणायचे?"

"म्या काय म्हणणार? अहो म्हणायचे."

"तू नाही. त्यांची आई काय म्हणायची?"

तिचा हात थांबला. "तुझी आजी व्हय? ती हाक मारायची की. लई मोठा आवाज तिचा."

"काय हाक मारायची?"

"कसं सांगू बाबा? नाव हाय ते."

आईनं जन्मात कधी दादांचं नाव घेतलेलं नाही. माझ्याच दुकानात तिचा फॉर्म भरताना मी मुद्दाम विचारलं होतं, पतीचे नाव? तर तिनं रेशन कार्ड पुढं सरकवलं आणि पदरात तोंड लपवून हसली. आता ती हसली नाही. हळदीनं पिवळे झालेले हात तिनं लुगड्याला पुसले.

माधवला पुढं मी काय कळवलं ते इथंच सांगतो, नाहीतर राहून जाईल. केरबा एवढंच घाल म्हणालो. आईनं जे सांगितलं ते लिहिलं असतं तर कुठल्या तरी परक्या मुलखात ते वाचणाऱ्यानं जुन्या कागदातलंच समजलं असतं. दादांनी दारोदार फिरून जे खोडायला लावलं, दिसायला तेच ते होतं, आणि आतून ते तसं मुळीच नव्हतं. वाचणाऱ्याला हे कसं समजावणार? आजीच्या तोंडचं ते मला त्या यादीत लिहिता आलं नाही.

"आता कोण ऐकायलंय," असं आई स्वतःशीच म्हणाली. मग तिनं दाराकडं तोंड केलं, आणि तिच्या सासूच्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक घातली.

"ए केऱ्याऽऽ! जेवाया ये रं माझ्या लेकरा!"

हाक मारून ती थांबली. मीही थांबलो. कोणी हाक मारली की समोरून ओ येईपर्यंत माणूस थांबतोच, तसे आम्ही दोघं दाराकडं बघत राहिलो. ओ आली नाही. दादा गेले हे मला तेव्हा कळलं, सात महिन्यांनी, आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो.